वाघांच्या रानातले आचार्य मुन

थायलंडच्या उत्तरेला, चियांग माईच्या डोंगररांगांत, एका पहाडी वस्तीबाहेर एके वर्षी दोन अनोळखी माणसे येऊन राहिली. गेरूच्या रंगाची जुनी वस्त्रे, मुंडण केलेले डोके, खांद्याला अडकवलेले भिक्षापात्र आणि एक भली मोठी छत्री, एवढाच त्यांचा संसार. सकाळी ती गावात येऊन मुकाट्याने उभी राहिली. भात हवा असल्याचे कळले, तेव्हा कच्चा की शिजलेला, असा प्रश्न गावकऱ्यांना पडला; कारण अशी माणसे त्यांनी पूर्वी पाहिलीच नव्हती. शिजलेला कोरडा भात घेऊन ती परत जात आणि उरलेला सारा दिवस झाडाखाली डोळे मिटून बसत, नाहीतर जमिनीकडे नजर लावून एकाच पट्ट्यात पुढे-मागे चालत. गावातील जाणत्यांनी निष्कर्ष काढला, की हे वेष पालटून आलेले वाघ आहेत. बायकामुलांनी एकटेदुकटे रानाकडे फिरकू नये, पुरुषांनीही हत्यार घेतल्याविना जाऊ नये, अशी ताकीद गावभर देण्यात आली. तिघा-चौघांच्या टोळ्या झाडाआडून या दोघांवर पाळत ठेवू लागल्या.

त्या दोघांतील वडीलधारे भिक्खू म्हणजे आचार्य मुन भूरिदत्त. थाई भाषेत त्यांना अजान मुन म्हणतात आणि हा ‘अजान’ शब्द आपल्या ‘आचार्य’ या शब्दाचेच तिकडे झालेले रूप आहे. विसाव्या शतकात थायलंडमध्ये अरण्यवासी भिक्खूंची जी परंपरा पुन्हा बहरली, तिचे मूळपुरुष म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या हयातीत मात्र त्यांचा बहुतेक काळ अशा जागी गेला, जिथे माणसांपेक्षा जनावरांचा वावर अधिक होता. वाघ, हत्ती आणि सर्प यांची गाठ पडणे हा त्यांच्या नित्यक्रमाचाच भाग होता.

त्यांचा जन्म २० जानेवारी १८७० रोजी ईशान्य थायलंडमधील उबोन रात्चथानी प्रांतात, बान खाम्बोंग नावाच्या खेड्यात झाला. घर भातशेतीवर जगणारे, बोली लाओ. पंधराव्या वर्षी ते गावच्या विहारात श्रामणेर झाले. दोन वर्षांनी वडिलांना शेतीच्या कामाला हात हवा होता म्हणून चीवर उतरवून घरी परतले. मन मात्र विहारातच राहिले असावे. कारण १८९३ साली उबोन शहरातील वात लियाप या विहारात त्यांनी उपसंपदा घेतली आणि त्यानंतर मृत्यूपर्यंत ते भिक्खूच राहिले. उपाध्यायांनी त्यांना दिलेले पाली नाव होते भूरिदत्त.

जातककथा वाचलेल्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. भूरिदत्त जातकात बोधिसत्त्व नागयोनीत जन्मलेला असतो. उपोसथाचे व्रत पाळण्यासाठी तो नागलोकातील ऐश्वर्य सोडून यमुनेच्या काठी एका वारुळाला वेढा घालून पडून राहतो. तिथे एक गारुडी त्याला पकडतो, त्याचे हाल करतो, गावोगाव खेळ करून दाखवतो. नजरेच्या एका फटकाऱ्यात त्या माणसाची राख करण्याचे सामर्थ्य असूनही हा नाग शीलभंग होऊ नये म्हणून डोळे मिटून घेतो. माणूस हिंस्र आणि सर्प व्रतस्थ, अशी ही उलटी कथा आहे. तेवीस वर्षांच्या एका शेतकरीपुत्राला हे नाव देताना उपाध्यायांच्या मनात काय होते कोण जाणे. पण पुढच्या आयुष्याकडे पाहता नाव शोभून दिसते.

ध्यानाची दीक्षा त्यांना आचार्य साओ कन्तसील यांच्याकडून मिळाली. साओ अत्यंत मितभाषी होते. ‘बुद्धो’ हा शब्द मनात धरून राहा, इतकेच ते शिकवीत. या गुरूबरोबर मुन यांनी ईशान्येकडील राने आणि मेकोंग नदीपलीकडचा लाओस पायांखाली घातला. अशा फिरत्या भिक्खूंना तिकडे तुदोंग म्हणतात. हा शब्द पालीतील ‘धुतंग’ या शब्दापासून आला आहे आणि त्याचा अर्थ समजून घेतल्याशिवाय या माणसाच्या दिनचर्येत जनावरे कुठून आली हे कळणार नाही.

पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांनी सिंहलद्वीपात लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाचे दुसरे प्रकरण धुतंगांवर आहे. आपल्या सांकवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी आयुष्यातील कितीतरी वर्षे याच ग्रंथाच्या संपादनाला दिली आणि १९४० साली त्याची नागरी लिपीतील आवृत्ती मुंबईहून प्रसिद्ध केली. कोसंबी मुन यांच्याहून सहा वर्षांनी लहान. विसाव्या शतकाच्या आरंभी तेही भिक्खूच्या वेषात ब्रह्मदेशात होते आणि सगाईंगच्या डोंगरात न्याणतिलोक या जर्मन भिक्खूसह गुहेत राहून ध्यान करीत होते. एकाने तो ग्रंथ विद्वानांच्या हाती दिला, तर दुसऱ्याने त्यातील एक प्रकरण पायांनी गिरवले.

धुतंगे तेरा आहेत. टाकाऊ चिंध्यांची वस्त्रे वापरणे, भिक्षेवरच जगणे, दिवसातून एकदाच आणि एकाच पात्रात जेवणे, झाडाखाली राहणे, स्मशानात राहणे, रात्री आडवे न होणे, असे ते कडक नियम आहेत. त्यांतील अरण्यवासाचा नियम मोठा नेमका आहे. भिक्खूचे निवासस्थान गावापासून निदान पाचशे धनुष्यांच्या अंतरावर असावे आणि अरुणोदय त्याला रानातच व्हावा. दिवसा तो गावात जाऊ शकतो. पहाट मात्र रानाची. म्हणजे रात्र काढायची ती जनावरांच्या वेळेत, त्यांच्या मुलखात. नियम करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

मुन आणि त्यांचे शिष्य तो नियम कसा पाळीत, याचे वर्णन शिष्यांच्या आठवणींत वारंवार येते. पहाटे अनवाणी गावात भिक्षेला जायचे. मिळेल ते सारे, गोड-तिखट एकत्र, पात्रात कालवून एकदाच जेवायचे. मग झाडलोट, पाणी आणणे, चीवर शिवणे. दोन झाडांच्या मधला वीस-तीस पावलांचा पट्टा झाडून स्वच्छ करायचा. ती चंक्रमणाची वाट. संध्याकाळ उतरली की तिच्यावर तासन् तास येरझाऱ्या घालायच्या आणि मग छत्रीखाली बसायचे. ही छत्री फांदीला टांगून तिच्याभोवती पातळ कापडाची जाळी सोडलेली असे. डासांना ती पुरे. वाघाच्या आणि भिक्खूच्या मध्ये तेवढे एकच कापड असे.

नवख्या भिक्खूची खरी परीक्षा इथे सुरू होई. ईशान्य थायलंडचा बराच मोठा भाग तेव्हा घनदाट जंगलाखाली होता आणि वाघाची डरकाळी ही ऐकीव गोष्ट नव्हती. एखादा शिष्य वाघाला फार घाबरतो असे दिसले, की मुन त्याला मुद्दाम त्याच बाजूला, जिथे वाघाच्या येण्याजाण्याची वाट असे तिथे, रात्र काढायला पाठवीत. हे क्रौर्य वाटेल. त्यांचे म्हणणे असे, की भरल्या पोटी, सुरक्षित विहारात मन हजार ठिकाणी धावते आणि त्याला आवरणे महाकठीण असते. वाघ जवळ आला की त्याला धावायला जागाच उरत नाही. तेव्हा ते एक तर कोलमडते, नाहीतर ‘बुद्धो’ या एका शब्दाला घट्ट धरून एकाग्र होते.

यामागे परंपरेचा आधारही आहे. मज्झिमनिकायातील भयभेरव सुत्तात बुद्ध आपल्या बोधिपूर्व काळाची हकिगत सांगतात. अमावास्या-पौर्णिमेच्या रात्री ते मुद्दाम भयाण वनांत जाऊन राहत. एखादे जनावर जवळून जाई, मोराच्या धक्क्याने काटकी मोडे, वाऱ्याने पाचोळा सळसळे आणि भीती उसळून येई. तेव्हा त्यांनी ठरवले, की ज्या स्थितीत भय आले त्याच स्थितीत ते जिंकायचे. चालताना आले तर चालतच राहायचे, बसलेले असताना आले तर उठायचे नाही. काटकीच्या आवाजाने दचकणारे बुद्ध आपल्या पुतळ्यांत आणि तसबिरींत कुठे दिसत नाहीत. मुन यांच्या शिष्यांना मात्र बुद्धांचे हेच रूप सर्वांत जवळचे असावे.

नाखोन नायोक प्रांतातील सारिका गुहेची हकिगत याच धर्तीची आहे, फरक एवढाच की तिथे जनावर बाहेरचे नव्हते. त्या गुहेत राहिलेले काही भिक्खू पूर्वी मरण पावले होते आणि गावकऱ्यांनी मुन यांना तिथे न राहण्याविषयी विनवले. ते राहिले. काही दिवसांत पोटाच्या जुन्या दुखण्याने उचल खाल्ली, खाल्लेले पचेनासे झाले, झाडपाल्याच्या औषधांचा गुण येईना. शेवटी त्यांनी औषधे टाकून दिली आणि वेदनेलाच ध्यानाचा विषय केले. एका रात्री मन शांत झाले आणि दुखणेही ओसरले, असे शिष्य सांगतात.

गावोगाव शिष्य वाढू लागले, तशी शहरातील धर्माधिकाऱ्यांची नापसंतीही वाढली. विहार सोडून रानावनात भटकणारे, परीक्षा न देणारे हे भिक्खू त्यांना उनाड वाटत. १९२६ साली उबोन प्रांताच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यांनी मुन यांच्या शिष्यसंघाला प्रांताबाहेर हुसकावून लावण्याचे आदेश दिले. पुढे हेच अधिकारी दुखण्याने खंगले, ध्यानाकडे वळले आणि याच परंपरेचे पाठीराखे झाले, हा भाग वेगळा. दुसऱ्या बाजूने, मुन यांना मान देऊन विहारात बसवण्याचाही प्रयत्न झाला. त्यांचे ज्येष्ठ स्नेही उपालि गुणूपमाचार्य यांच्यामुळे चियांग माईच्या प्रसिद्ध वात चेदी लुआंग विहाराचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. १९३२ साली उपालि निवर्तले. एक वर्षावास संपताच मुन यांनी ते पद, ती गादी मागे ठेवली आणि उत्तरेच्या डोंगरांत निघून गेले. एकंदर अकरा-बारा वर्षे ते त्या मुलखात होते.

आरंभी सांगितलेली पहाडी वस्ती याच काळातील. पाळत ठेवणाऱ्या टोळ्यांची चाहूल त्यांना लागली होती. सोबतच्या भिक्खूला तिथून निघून जावेसे वाटले. मुन तयार झाले नाहीत. निरपराध माणसांना वाघ ठरवण्याचे पाप डोक्यावर घेऊन हे लोक मेले, तर स्वतःच वाघाच्या जन्माला जातील, अशी त्यांची समजूत होती आणि त्यांना तसे सोडून जाणे त्यांना पटेना. काही दिवस गेले. वाघांनी कुणाला खाल्ले नाही. मग गावकऱ्यांनीच धीर करून विचारले, की तुम्ही डोळे मिटून बसता आणि खाली बघत चालता ते काय शोधता? मुन यांनी सांगितले, की आपला बुद्धो हरवला आहे, तो शोधतो आहोत. हे रत्न दिवसातून पंधरा-वीस मिनिटे मनातल्या मनात ‘बुद्धो, बुद्धो’ म्हणत बसल्याने आणि चालल्याने सापडते, हेही सांगितले. भाबड्या लोकांनी मदत म्हणून शोधायला सुरुवात केली. आधी एक, मग दुसरा, असे करता करता सारी वस्ती त्या शोधाला लागली. वर्षभराहून अधिक काळ दोघे तिथे राहिले आणि निघाले तेव्हा गाव रडला.

हत्तीची गोष्ट निराळी आहे. चियांग माईच्याच डोंगरात मुन, आचार्य खाओ आणि आचार्य महाथोंगसाक असे तिघे एका अरुंद वाटेने जात होते. पुढे वाट अडवून एक भला थोरला सुळेवाला रानहत्ती बांबू खात उभा होता. एका बाजूला चढण, दुसऱ्या बाजूला दाट झाडी. मुन यांनी खाओ यांना हत्तीशी बोलायला सांगितले. खाओ यांनी त्याला वडील भावाप्रमाणे संबोधून विनंती केली, की आम्ही दुबळे भिक्खू आहोत, तुझे बळ मोठे आहे, आम्हांला तुझी भीती वाटते, थोडी वाट दे. हत्तीने तोंड वळवून बांबूच्या बेटात खुपसले आणि सुळे आत लपवून तो उभा राहिला. तिघे त्याच्या अंगाला खेटूनच म्हणावे असे पुढे सरकले. एवढ्यात महाथोंगसाक यांच्या छत्रीचा आकडा बांबूच्या फांदीत अडकला. ओढून निघेना. हत्तीच्या डोळ्यांसमोर तो भिक्खू घामाघूम होऊन छत्रीशी झटत राहिला आणि हत्ती पाहत राहिला.

बातमीच्या डोक्यावर वार्ताहराचे नाव आणि ठिकाण पाहिल्याखेरीज ती पुढे न सोडणे ही उपसंपादकाची सवय असते, आणि ती रविवारचा लेख लिहितानाही सुटत नाही. मुन यांनी स्वतःविषयी जवळजवळ काहीच लिहून ठेवले नाही. त्यांचे सर्वांत विस्तृत चरित्र आचार्य महाबुवा यांनी लिहिले. ते १९४२ पासून अखेरपर्यंत मुन यांच्या सहवासात होते. पण चरित्र प्रसिद्ध झाले १९७१ साली, म्हणजे मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. त्यात देवदेवता येतात, नाग येतात, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे येते. श्रद्धावान शिष्याने लिहिलेले हे चरित्र आहे आणि ते तसेच वाचावे. पण छत्रीचा आकडा मला खरा वाटतो. चमत्कार रचणारा माणूस असली फजिती त्यात घालणार नाही.

शिष्यांच्या इतर आठवणींनाही हीच कसोटी लावता येते. आचार्य थेत यांनी आत्मचरित्रात कबूल केले आहे, की पहाडी मुलखात ध्यानाला बसले असता वाघाच्या आवाजाने ते थरथर कापू लागले आणि घामाने भिजले. मरणाची भीती वाटते म्हणून हे होते, हे ओळखल्यावर कुठे मन ठिकाणावर आले. आचार्य चोब रात्री एकटे कंदील घेऊन रान तुडवत असता पुढून एक आणि मागून एक असे दोन वाघ आले. पळायला वाट नाही. ते जागच्या जागी उभे राहिले आणि मन इतके खोल आत गेले, की वाघ, रान, स्वतःचे शरीर, कशाचेच भान उरले नाही. भानावर आले तेव्हा ते तसेच उभे होते. पात्र आणि छत्री खांद्यावर, हातातील कंदिलाची मेणबत्ती केव्हाच विझलेली, वाघ नाहीसे झालेले. या दोन हकिगतींत वाघाला कुणी वश केलेले नाही. वाघ आले, वाघ गेले. काय व्हायचे ते भिक्खूच्या आत झाले.

सापाविंचवांच्या बाबतीत परंपरेने एक जास्तीची सोय करून ठेवली आहे. एक भिक्खू सर्पदंशाने मेला तेव्हा बुद्धांनी सर्पांच्या चार राजकुळांविषयी मैत्रीभाव बाळगायला सांगितल्याची कथा विनयात आहे आणि त्यावरचा खंधपरित्त थेरवादी भिक्खू आजही म्हणतात. त्यात पाय नसलेल्यांपासून बहुपाद प्राण्यांपर्यंत सर्वांशी मैत्री सांगितली आहे.

१९४० च्या सुमारास मुन ईशान्येला परतले. १९४५ पासूनची अखेरची वर्षे सकोन नखोन प्रांतातील बान नोंग फुए या दरीतील खेड्याजवळ गेली. तिथवर गाडीरस्ता नव्हता. पायी किंवा बैलगाडीने जावे लागे. भोवती जंगल होते आणि त्यात अजून वाघ होते. पुढच्या पिढीत ते सारे झपाट्याने ओसरले. लाकूडतोड आणि शेती यांपुढे ईशान्येचे रान टिकले नाही. १९८९ साली थायलंडच्या सरकारने व्यापारी जंगलतोड बंद केली, तोवर बऱ्याच ठिकाणी अरण्यविहारांच्या आवारातील झाडी तेवढी शिल्लक राहिली होती. डरकाळीच्या टप्प्यात बसून ध्यान शिकण्याची सोय तिथे आता उरलेली नाही.

१९४९ च्या पूर्वार्धात मुन यांना खोकला आणि ताप सुरू झाला. वय एकोणऐंशी. हे शेवटचे दुखणे आहे, हे त्यांनी शिष्यांना आधीच सांगितले. तरीही शक्ती होती तोवर भिक्षेला जाणे, एकाच पात्रात एकदाच जेवणे सोडले नाही. वर्षावास संपला आणि चारी बाजूंनी भिक्खू, उपासक गोळा होऊ लागले. तेव्हा त्यांनी एक मागणी केली. आपल्याला इथून सकोन नखोन शहरात हलवावे.

शिष्यांना आणि गावकऱ्यांना ते रुचले नाही. इतकी वर्षे ज्यांनी रोज भिक्षा घातली, त्यांना आपल्या आचार्यांचा देह आपल्याच गावात पडावा असे वाटणे स्वाभाविक होते. मुन यांनी कारण सांगितले. आपण इथे मेलो तर हजारो माणसे येतील. या एवढ्याशा खेड्यात बाजार नाही. आलेल्यांना जेवू घालायला गावकरी आपली गुरे, म्हशी, डुकरे, कोंबड्या, बदके मारतील आणि दिवसेंदिवस मारत राहतील. भिक्खू झाल्यापासून आपण कोणत्याही जिवाच्या मरणाला कारण होण्याचा विचार मनात आणला नाही. आता आपल्या मरणाने तसे होऊ नये. सकोन नखोनला मोठा बाजार आहे, तिथे गावातल्या जनावरांवर ही पाळी येणार नाही.

गावकरी रडले आणि त्यांनी डोली बांधली. रानवाटेने त्यांना बान फू या गावी आणले गेले. तिथे मुक्काम लांबला; लोकांना त्यांना पुढे जाऊ द्यावेसे वाटेना. मुन निजल्याजागी पुन्हा पुन्हा आठवण करून देत राहिले, की लवकर हलवा, वेळ थोडा आहे. अखेर मोटार आली. प्रवासाचे हाल जाणवू नयेत म्हणून गुंगीचे औषध देऊन त्यांना सकोन नखोनच्या वात सुद्धावास विहारात नेण्यात आले. मध्यरात्रीच्या सुमारास ते जागे झाले, आणि ११ नोव्हेंबर १९४९ च्या पहाटेपूर्वी, दोन वाजून गेल्यावर, शिष्य भोवती बसलेले असता त्यांचा श्वास थांबला. बान नोंग फुएचे गोठे आणि खुराडी तोवर कित्येक मैल मागे राहिली होती.